पातेल्याच्या कडेला चिकटलेला चुंबक

बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारी कामावर जायचं की राजीनामा द्यायचा, हे सगळं अडलं होतं सासूबाईंवर. बाळाला त्या सांभाळणार असतील तरच मी जाऊ शकत होते. झाशीत आमचं दुसरं होतं कोण? मी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात पत्र्यांची चुंबकीय चाचणी करते. त्यांच्या लेखी ते रिकामटेकडं काम. "पत्रे तपासायला दुसरं कुणी मिळत नाही का त्यांना?"

त्या रविवारी त्यांनी सीपरी बाजारातून नवं पातेलं आणलं. नवं भांडं घरात आलं की आधी चुंबक लावून बघायचा, ही त्यांची रीतच. चिकटला तर स्टील हलकं. फ्रिजवरचा चुंबक काढून लावला, तर तो कडेला घट्ट बसला. झालं. "फसवलं मेल्या दुकानदाराने. वर 'माताजी, माताजी' करत होता. उद्या बघतेच त्याला."

मी म्हटलं, "आई, आता बुडाच्या मधोमध लावा." पातेलं आडवं धरून त्यांनी लावला, तर चुंबक खाली पडला. मग मी सांगितलं, की हा पत्रा सपाट असतो तेव्हा चुंबक धरत नाही. तो दाबून, ताणून पातेलं केलं की जिथे जास्त ताण बसतो तिथली आतली रचना बदलते, आणि तेवढ्याच जागी चुंबक धरतो. स्टील चांगलंच आहे.

"काहीतरी सांगू नकोस," म्हणत त्या उठल्या आणि स्वतःच्या लग्नात माहेरहून आलेलं पातेलं घेऊन आल्या. त्याला त्या कुणाला हात लावू देत नसत. तिथेही मधोमध नाही, कडेला चिकटला. ते मांडीवर घेऊन त्यांनी चुंबक पुन्हा एकदा मधोमध लावून बघितला.

"तू तिथे हेच बघतेस?"

"साधारण असंच. आमचा पत्रा वेगळा, पोळीसारखा लाटलेला. लाटला त्या दिशेने आतले कण रांगेत बसतात. चुकून आडवा कापला गेला तर ट्रान्सफॉर्मर उगीच तापतो, वीज वाया जाते."

"आणि ते तू पकडतेस."

"हो."

त्यांनी पातेलं पुसून जागेवर ठेवलं; बाळाला कोण सांभाळणार, हा विषय काही निघाला नाही.

सोमवारी सकाळी, साहेबांना राजीनाम्याचं कसं सांगावं या विचारात मी चहा ठेवत होते. बाहेर सासूबाई बाळाला खांद्यावर घेऊन समोरच्या भाभीजींशी बोलत होत्या, "बहू की ड्यूटी आज से चालू है. बच्चा मैं देखूँगी." मला सांगायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.