समुद्रात उभे केलेले बैल

निजामाच्या मोगलाईतून मुंबईला जाऊन चित्रकला शिकलेला आमच्या घरात एकटाच, माझा थोरला भाऊ. मी त्याला अण्णा म्हणायची. माझ्या लग्नात त्यानं स्वतः रंगवलेला समुद्र मला दिला. जवळून बघावं तर नुसते निळे-जांभळे फटकारे; चार हात मागं सरकलं की पाणी हलायला लागायचं, त्यावर एक शिडाची होडी दिसायची. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. मला तेवढाच पुरे होता.

खटकचिंचोळीला सासरी ते चित्र सोप्यात लागलं आणि सगळ्यांच्या शहाणपणाला ऊत आला. सासूबाई म्हणाल्या, "जवस फुललाय की गं!" हिवाळ्यात आमच्याकडं जवसाची शेतं अशीच निळी होतात, हे खरं. पण हा समुद्र आहे, हे मी दहादा सांगितलं. सासरे हसले. "तू कवा पाह्यलीस समुद्र? आन् ह्या शेताला बांध कामून न्हाई?"

दिवाळीला माहेरी गेले. परत येऊन बघते तर देवळाच्या भिंतीवर हत्ती काढणाऱ्या रंगाऱ्याला बसवून सासऱ्यांनी चित्र पुरं करून घेतलेलं! पाण्यात बांध. शिडाच्या होडीवर कडब्याची कोपी, शेतातल्या खोपटासारखी. लाटांवर दोन बैल, शिंगांना गोंडे बांधलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाला विचारून?" मी ओरडलेच. सुनेनं सासऱ्यांपुढं ओरडायचं नसतं; मी ओरडले.

"तुझ्या अण्णानं अर्धवटच ठेवला होता. मी पुरा करून घेतलो," सासरे म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि त्याचीच मला जास्त चीड आली.

येळ अमावस्येला, शेतात पूजा करून अंबिल प्यायच्या सणाला, त्यांनी अण्णाला मुद्दाम बोलावलं, चित्र दाखवायला. म्हटलं, येऊ दे. त्याच्या हातचं आहे, तोच बोलेल.

अण्णा चित्रापुढं उभा राहिला. मी दारात. मग सासऱ्यांकडं वळून म्हणाला, "बैलं झकास काढलेत, अप्पा." आणि सगळ्यांबरोबर शेताकडं चालू लागला.

संध्याकाळी तो निघाला तेव्हा मी त्याला गाडीपाशी गाठलं. "तोंड शिवलं होतं व्हय तुझं?"

"तुला हितंच नांदायचंय, बाई," तो म्हणाला.

म्हणजे माझ्या नांदण्यापायी त्यानं समुद्र सोडून दिला. नांदणार मी, चित्र माझं; आणि मला काय हवंय, हे सासऱ्यांनी विचारलं नाही, नि त्यानंही नाही.