धर्मराजभाऊंचा नाका

आमच्या सोसायटीत सगळे छातीठोकपणे सांगतात, की तळमजल्यावरच्या धर्मराजभाऊंनी ऐरोलीच्या जकात नाक्यावर इतकं खाल्लं, इतकं खाल्लं, की त्यातून सीवूड्सला फ्लॅट उभा राहिला. बी विंगमधल्या बायकांच्या मते तर भिंतीत नोटा आहेत.

साफ खोटं. नाक्यावर भाऊंनी खाल्लं नाही, खाऊ घातलं. जकातीसाठी ताटकळणाऱ्या ट्रकवाल्यांना ते चहा आणि उकडलेली अंडी विकायचे. राहायचे दिघ्याला, एका खोलीत. फ्लॅट लेकीचा, वैशालीचा. ती बँकेत आहे, हप्ते अजून चालू आहेत. भिंतीत नोटा नाहीत, ओल आहे. मी हात लावून पाहिलीय.

दोन हजार सतराच्या जुलैत जीएसटी आला नि जकात गेली. रिकाम्या नाक्याचे फोटो पेपरात आले. ट्रक सुसाट निघाले, लोकांचा वेळ वाचला, डिझेल वाचलं. खरंच वाचलं, कोण नाही म्हणतंय? पण रांगच नाही म्हटल्यावर चहा पिणार कोण? भाऊंची किटली गार झाली ती झालीच. मग लेकीनं त्यांना इथं आपल्याकडे आणलं.

तेव्हापासून माणूस अर्धा इथं, अर्धा तिथं. दुपारी गेटजवळच्या बाकावर डोळे मिटून बसायचे. वर खाडीकडे निघालेल्या फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ सरकत असायची आणि भाऊंच्या पापण्यांआड ऐरोली पुलावरची ट्रकांची रांग. मी जाता-येता काडी टाकायचे.

"काय भाऊ, कुठवर आली आज रांग?"

"रबाळ्यापर्यंत," डोळे न उघडता उत्तर. "पंजाबचा एक आहे. साखर जास्त मागतोय."

"मग माझा कप भरा आधी!"

"लायनीत या, वहिनी."

आता अशा माणसावर हसायचं की त्याच्यामागे लायनीत उभं राहायचं? मी दोन्ही केलं.

मग यंदा आमच्या कमिटीला सुधारणेचा झटका आला. सेक्रेटरी आशुतोषनं ठराव मांडला: आत येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्यानं गेटवरच वीस रुपये द्यायचे. गेटपट्टी! मासळीची पाटी असो की मॉलची गाडी, सगळ्यांना सारखी. वसुलीला धर्मराजकाका. पगार थोडा, पण स्टूल, छत्री, शिवाय चहाची किटली ठेवायची परवानगी. भाऊ असे उजळले, की वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीच्या घरात दुसरा कप मागायला सुद्धा लाजणारा माणूस तो. आता त्याची स्वतःची किटली होती.

पहिल्याच सकाळी करावे गावची वेणूबाई डोक्यावर पाटी घेऊन आली. भाऊंनी हात पुढे केला.

"आदी बोनी तं होऊ दे रं भावा!" ती जागच्या जागी थबकली. "बोनी होयाच्या आदी पैसा घेतंस? मंग दिसभर पाटी हलनार नाय माजी."

मागून मॉलच्या गाडीनं हॉर्न दिला. ड्रायव्हरनं मोबाइल दाखवून वीस भरले आणि आत. पैसे कंपनीचे, त्याला काय बोहनी नि काय भवानी!

भाऊंचा हात तसाच हवेत. बहुतेक त्यांना पुन्हा पूल दिसत असावा. मग त्यांनी विचारलं, "मग कधी देशील?"

"इकून झालं का."

"जा."

झालं! त्या दिवसापासून आमच्या गेटवर वेगळंच राज्य. पट्टी आत शिरताना नाही, बाहेर पडताना. ज्याचा माल खपला नाही, त्याला माफ. मॉलच्या गाडीला पन्नास. आणि दुपारी काय बघावं? भाजीवाला, फूलवाली, वेणूबाई, सगळे रिकाम्या टोपल्या घेऊन ओळीनं उभे, हातात वाफाळते कप. ऊन झाडातून गाळून खाली येतंय, किटली गुणगुणतेय, आणि भाऊ त्या रांगेच्या टोकाला, डोळे टक्क उघडे ठेवून स्वप्न बघताहेत. मीही लायनीत उभी. फुकट नाही हं, पैसे देऊन.

गाडीवाल्यांनी तक्रार केलीच. आशुतोष भर दुपारी, भर रांगेत खाली उतरला.

"काका, दर बदलायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? सगळ्यांना सारखं, हाच न्याय. उद्यापासून आत शिरतानाच वीस घ्यायचे. नाहीतर स्टूल सोडा."

वेणूबाईनं कनवटीला हात घातला. "घे रं भावा, उद्याचं आजच घे. तुजी किटली नको जायाला."

भाऊंनी तिचा हात मागे सारला, शेवटचा कप तिच्याच हातात दिला, किटली उचलली आणि स्टूल आशुतोषपुढे सरकवलं.

"जकात गेली तेव्हापण सगळे हेच बोलले, सगळ्यांना सारखं," ते म्हणाले. "ट्रकवाला लवकर घरी पोचला, मी तिथंच राहिलो. तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. मी हिला विचारलं, एवढंच केलं."