खडी मंडळ आणि तात्यांचं गाऱ्हाणं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. चाळीच्या गॅलरीत भंगार जमतं तसे ते जमतात. कुणीतरी एक मोडकी खुर्ची ठेवतो आणि बघता बघता चालायला जागा राहत नाही! आमच्या सायकलच्या ग्रुपचंही तेच झालंय. ग्रुपचं नाव ‘खडी मंडळ’. मेंबर पुष्कळ आहेत, पण पहाटे खरोखर उठणारे तिघेच. एक मी, डिलाईल रोडचा, विम्याच्या ऑफिसात खुर्ची झिजवणारा. दुसरा पक्या, लालबागला मसाला कुटायचा डंक चालवतो. तिसरा विजू, भोईवाड्याचा, अकाउंट्समध्ये आहे, आणि ते तोंडावरूनच कळतं.

शिवाय तात्या, विजूचे वडील. ते सायकल चालवत नाहीत, पण त्यांच्याशिवाय मंडळ हलत नाही.

*

आधी खडीचं सांगतो. पक्याने मोबाइलवर कुठेतरी बघितलं की ग्रॅव्हल सायकल म्हणून एक प्रकार असतो. टायर जाड, हँडल वाकडं, आणि डांबर सोडून खडीवर, मातीवर चालवायची. तिघांनी हौसेने घेतल्या. घेतल्यावर लक्षात आलं, अरे, मुंबईत खडी आणायची कुठून?

पक्या म्हणाला, “परळला ये की! गॅसवाले, केबलवाले, गटारवाले, सगळ्यांनी मिळून आपल्यासाठीच खोदून ठेवलंय!”

मग काय, आमची प्रॅक्टिस खोदलेल्या परळमध्ये. एकदा मी सायकलसकट चरात गेलो. वरून मुकादम धावत आला. मला वाटलं, चला, माणुसकी आहे अजून. तो वाकून म्हणतो, “साहेब, पाइप दबला नाही ना?”

*

आता तात्या. तळकोकणातला माणूस, तरुणपणी इथल्या गिरणीत लागला. इकडे संप होऊन गिरणी बंद पडली, आणि त्याच सुमाराला तिकडे त्यांची वाडी लोखंडाच्या खाणीत गेली. गावी राहणाऱ्या भावाने सही केली, घरं उठली. तात्या तेव्हा मुंबईत मोर्चात घोषणा देत होते. पुढे ती खाणही बंद पडली.

घर गेलं, जमीन गेली, त्याबद्दल तात्या कधी बोलत नाहीत. त्यांच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली आहे. वाडीचा राखणदार. म्हणजे वाडी राखणारा देव. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही, झऱ्याजवळ झाडाखाली नुसता एक पाषाण. “सगळ्यांचो निरोप घेतलंय, तेचो तेवढो ऱ्हवलो,” म्हणतात. एकदा जाऊन त्याच्यापुढे उभं राहायचं आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे कोकणात देवाला मोठ्याने साकडं घालतात ते, एवढीच त्यांची इच्छा. पण खाणीच्या ट्रकांचा रस्ता केव्हाच वाहून गेला. गाडी तिथे जात नाही.

*

पहिल्या राइडला नारळ फोडायचा ठरला. तात्या धुतलेली बंडी आणि टोपी घालून चाळीखालच्या फुटपाथवर उतरले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले.

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” आम्ही तिघेही कोकणातलेच. हे शिकवावं लागत नाही.

“ही पोरां सायकली घेवन चालली हत, तेंका सुखरूप ने नि सुखरूप हाड रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“ट्रकवाल्याक डोळे दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“नि माका एकदा तुझ्या पायाकडे घेवन ये रे म्हाराजा!”

पुढे ही दर रविवारची रीतच झाली. या शेवटच्या वाक्याला विजू दर वेळी बुटांकडे बघायचा. पण ‘होय म्हाराजा’ सगळ्यांत जोरात तोच म्हणायचा. समोर किटली ठेवून पिशव्या मोजणारा दूधवाला जौनपूरचा. त्याला मालवणीचं अक्षर कळत नाही, पण काही दिवसांत तोही किटलीमागून ओरडायला लागला, “होय म्हाराजा!”

*

एकदा पक्याने प्रसादाच्या नारळाचं अर्धं भकल जर्सीच्या मागच्या खिशात टाकलं. बायको चटणी करेल म्हणे!

तात्यांनी बघितलं. “पक्या! राखणदाराचो परसाद तो! शीव ओलांडून घराक न्हेवचो नाय. जय फुटलो, थयच खावन संपवचो!”

“तात्या, इथे शीव कुठली? सिग्नलपर्यंत चालेल?”

“नाय!”

अख्खा नारळ आम्ही तिघांनी फुटपाथवर उभ्याने चावून संपवला. वरळीपर्यंत पक्या उचक्या देत होता.

*

तात्यांना गावी न्यायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी बारगळायचं. कधी विजूचं ऑडिट, कधी त्याच्या मुलीची परीक्षा, कधी तात्यांचे गुडघे. एका मे महिन्यात तर तात्या बॅग भरून, टोपी घालून गॅलरीत येऊन बसले. मीही तिथेच होतो. ऑफिसातून विजूचा फोन आला, “तात्या, सुट्टी कॅन्सल झाली हो. पुढच्या वर्षी नक्की!”

तात्यांनी फोन ठेवला. शेजारच्या वहिनींनी विचारलं, “काय तात्या, निघालात?”

“नाय गो,” तात्या म्हणाले, “बॅगेक जरा ऊन दाखवूक भायर काढलंय!”

तेव्हा मी खो खो हसलो होतो. आता ती बॅग आठवली की कसंतरीच होतं.

*

शेवटी गेल्या थंडीत पक्या भडकला. “गाडी जात नाही, गाडी जात नाही, किती वर्षं ऐकायचं? आपल्या सायकली काय परळच्या गटारासाठी घेतल्या? आधी आपण रस्ता बघून येऊ. मग म्हाताऱ्याला मी पाठीवर घेऊन जाईन!”

लक्झरी बसच्या डिकीत सायकली घालून आम्ही निघालो. निघताना तात्यांनी विजूच्या हातात पंचात बांधलेला नारळ दिला. “ह्यो तेका दी. सांग, म्हातारो मागसून येता हा.”

खाणीचा रस्ता म्हणजे, काय सांगू! परळ त्यापुढे काचेसारखं गुळगुळीत. सगळीकडे तांबडी खडी, तांबडी धूळ, मधेच माल वाहायच्या पट्ट्याचा गंजलेला सांगाडा आणि बाभळी. तासाभरात आमची तोंडं ओळखू येईनात. पक्या खोकत म्हणाला, “आयला, मिरची कुटताना माझ्या डंकावर पण एवढं लाल उडत नाय!”

साखळी लावलेल्या फाटकाजवळ एक म्हातारा वॉचमन विडी ओढत बसला होता. आमच्या सायकली, हेल्मेटं, चष्मे त्याने निवांत न्याहाळले. “खाण विकत घेवक इल्यात?”

विजूने वाडीचं नाव सांगितलं. वॉचमन उठला, चार पावलं पुढे गेला आणि हनुवटीने दाखवलं. “ती काय.”

समोर भली मोठी खाण, काठोकाठ पाण्याने भरलेली. हिरवंगार, गप्प पाणी. तो दाखवत होता ते पाण्याच्या बरोबर मधोमध.

पक्याच्या तोंडून निघून गेलं, “फोटो काय भारी येईल रे...” आणि मग त्याने स्वतःच जीभ चावली.

नारळ फोडायला विजूने दगड शोधला, पण फोडून ठेवायचा कोणापुढे? त्याने अख्खा नारळ हळूच पाण्यात सोडला. वाऱ्याने तो परत काठाला आला. विजूने पुन्हा ढकलला. पुन्हा आला. विजू गुडघाभर पाण्यात उभा, नारळ ढकलतोय आणि म्हणतोय, “घे ना रे, घे ना!” शेवटी पक्याने तो उचलून लांब भिरकावला. विजू हुंदके देऊन रडायला लागला. खोटं कशाला बोलू, आम्हीही रडलो. वॉचमन तेवढा वेळ पाठ फिरवून उभा राहिला.

*

परतीची बस पकडली. सकाळी दादरला उतरलो, तर विजू फुलमार्केटकडे चालायला लागला. नारळ घेतला, तिथेच फुटपाथच्या कडेला आपटून फोडला आणि अर्धं भकल त्याच पंचात बांधलं.

“विजू, काय करतोयस?”

“त्यांना पाणी कसं सांगू रे मी? तू सांगतोस?”

मी त्याची सायकलही हातात धरली आणि चालायला लागलो.

भोईवाड्याला तात्या दारातच उभे होते. “गावलो?”

“गावला तात्या.”

“बरो आसा?”

“बरा आहे. झाड तेवढं वठलंय जरा.”

“झरा पण आहे तात्या!” पक्याने भर घातली. “काय गोड पाणी!”

विजूने पंचा सोडून भकल त्यांच्या ओंजळीत ठेवलं. “प्रसाद आणलाय त्याचा. खास तुमच्यासाठी.”

तात्या त्या खोबऱ्याकडे बघत राहिले. मग आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघितलं. भकल कपाळाला लावलं आणि बाजूला ठेवलं. “मागीर खातंय,” म्हणाले. “तुमी दमल्यात. चाय घेवा.”

*

पुढच्या रविवारी नेहमीसारखी राइड. तात्या नेहमीसारखे बंडी-टोपी घालून खाली आले. गाऱ्हाणं सुरू झालं. सुखरूप ने, सुखरूप हाड, होय म्हाराजा. ट्रकवाल्याक डोळे दी, होय म्हाराजा.

मग ते थांबले. ‘माका एकदा’ची आम्ही वाट बघत होतो. विजूची मान आधीच खाली गेली होती.

“बा देवा म्हाराजा,” तात्या म्हणाले, आवाज नेहमीपेक्षा हळू, “ह्या माझ्या झिलान नि तेच्या दोस्तांनी माझ्यावरच्या मायेन माका जा काय सांगितल्यानी आसात, ता सगळा पोटात घाल रे म्हाराजा!”

आता आम्ही तिघेही बुटांकडे बघत होतो.

किटलीमागून एकटा दूधवाला दणक्यात ओरडला, “होय म्हाराजा!”

तात्यांनी नारळ फोडला. एकेक तुकडा आमच्या हातावर ठेवला. विजूच्या हातावर सगळ्यांत मोठा.

“हयच खावा,” म्हणाले.