तिजेचं पाणी

"विहिरीवर तिला न्हाई पाठवायचं म्हंजे न्हाई." मिराबाईनं घागर आपल्याकडं ओढली.

"मंग तिजेला पाणी कोण घालंल, तुही डॉक्टरीण?" सासू रुक्माबाईनं ती परत ओढली.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात कळमनुरीजवळच्या बंजारा तांड्यावर तीज बसली होती. टोपल्यांत गहू पेरलेले. कुवाऱ्या पोरींनी गात गात त्यांना पाणी घालायचं. मिराबाईची संगिता बारा वर्षांची, पण दोन सालांपासून घरातच अडकलेली.

आधी तांडा म्हणायचा, पोरगी गुर्मीची आहे, हाकेला ओ देत नाही. गाता गाता मध्येच थांबायची, टक लावून बसायची. रुक्माबाईला वाटे, अंगात देवी आली. ती लगेच हात जोडून विचारी, औंदा पाऊस येईल का? तेवढ्यात संगिता भानावर येऊन गाण्याचा पुढचा शब्द म्हणे, अन् म्हातारी तोच कौल धरी.

मिराबाईनं पोरीला हिंगोलीला नेलं. लेकरांच्या डॉक्टर कालिंदीबाईंनी कागदी भिंगरी दिली अन् फुंकत राहा म्हणाल्या. भिंगरी गरगरली, मग थांबली. संगिता डोळे उघडे ठेवून गप्प. पापण्या नुसत्या फडफडत होत्या. हाक मारली, ओ नाही. जरा वेळानं भिंगरी पुन्हा फिरली. ही मिरगीच, बाईंनी समजावलं, पण हातपाय झाडत नाही म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. नांदेडला डोक्याचा आलेख काढला, गोळ्या सुरू झाल्या.

तेव्हापासून मिराबाई दिवसभर उगीच हाक मारी, "संगे!" शेतातून, चुलीपासून, शेजारच्या ओट्यावरून. "ओ" आली की तिचा जीव भांड्यात पडे. तांड्यातल्या बाया तिची नक्कल करून हसायच्या.

"डॉक्टरीण काय म्हणली, खरं सांग," रुक्माबाई आता हळू आवाजात म्हणाली.

मिराबाईची पकड सैल झाली. "साल झालं, एकबी झटका न्हाई. एकटी नको, पोरींसंगं जाऊ द्या म्हणल्या."

"मंग अडलं कुठं?"

"माह्या जिवात, आत्याबाई."

बाहेर पोरींनी गाणं धरलं. संगितानं दोघींच्या हातातून घागर काढून घेतली, डोक्यावर ठेवली अन् दाराकडं निघाली.

"संगे!"

ओ आली नाही. मिराबाई दाराकडं धावली. उंबऱ्यात पोरगी वळली, आईच्या तोंडाकडं नीट बघितलं, जीभ काढून दाखवली अन् पोरींच्या घोळक्यात निघून गेली.