थेटरातली शिट्टी

आमच्या चादरीच्या कारखान्यात एक जॉबर होते; बंद पडलेले माग चालू करायचे. सुट्टीच्या दिवशी सिनेमा बघायचा आणि दुसऱ्या सकाळी चिंधीला हात पुसत मला निकाल सांगायचा, हा त्यांचा नेम. मागांच्या खडखडाटामुळे बोलणं कायम ओरडून.

"क्लार्कसाहेब, हिरो मरताना भाषण करतोय की! माणूस मरताना पाणी मागतो." कधी, "हिरॉईन लई रडली, पण काजळ जागचं हललं न्हाय!"

मी पोट धरून हसायचो.

एकदा आम्ही दोघं मिळून गेलो. पडद्यावर हिरोनं उलट बोलणाऱ्या बायकोच्या कानाखाली मारली आणि थेटर टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणलं. मीही शिट्टी मारली. शेजारची खुर्ची खाडकन वाजली. ते तडक पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. हिरॉईनचा रडवेला चेहरा त्यांच्या सदऱ्यावर पडला.

"बाई मार खातीया आन् तुमी शिट्ट्या मारताय? घरी बी असंच करता व्हय रं?"

लोकांनी शिव्या दिल्या, शेंगांची टरफलं फेकली. ते हलले नाहीत.

मी मात्र खुर्चीत खाली सरकलो. आम्ही बरोबर आलोय, हे कुणाला कळू नये म्हणून.