कुडातून आलेला हात

मुरबाडकडच्या माझ्या सासरच्या घराला भिंती कुडाच्या होत्या. कारवीच्या काठ्या आणि वर शेणमातीचा गिलावा. शहापूरच्या पेठेत, विटांच्या घरात वाढलेली मी लग्न होऊन आले तेव्हा चांगलंच नाक मुरडलं होतं. आता मात्र ताज्या सारवलेल्या कुडाचा वास नुसता आठवला तरी जीव तिकडे ओढतो. त्या घराला कुलूप नव्हतं. आतेसासूबाई हेच आमचं कुलूप. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे परतलेल्या, हाडापेराने दणकट, तोंडाने फटकळ. घरात सगळे त्यांना आत्याच म्हणायचे. मला त्यांचा धाक होता आणि लळाही.

लढाईचे दिवस होते. धान्य महाग, कापड तर दिसेनासं झालेलं. भातझोडणीला आम्ही सगळे खळ्यावर गेलो होतो आणि आत्या घरात एकट्या भात कांडत होत्या. भर दुपारी मागच्या कुडाच्या काठ्या कडाकड मोडल्या. बघतात तर भोकातून एक हात आत आलेला आणि मागच्या दाराची कडी चाचपतोय. आत्यांनी हातातलं मुसळ त्या हातावर घातलं.

बाहेर माणूस विव्हळायला लागला, तशा आत्याच दार उघडून गेल्या. पळायचं त्राण नसलेल्या त्या चोराला त्यांनी धरून ओटीवर आणलं, हाताला बांबूच्या कामट्या लावल्या, आणि बांधायला फाडलं ते माझं माहेरचं लुगडं! त्यांचं स्वतःचं समोर दांडीवर वाळत होतं, तरी माझंच. आम्ही परतलो तेव्हा चोर डाव्या हाताने पेज पीत होता. शिवाय आत्यांनी भोक बुजवून अख्खा कूड सारवूनही टाकला होता. घराला भोक ठेवून दिवा लावायचा नाही, ही त्यांची रीत.

पोलीसपाटील आले आणि चोराने साफ नाकारलं. मी काम मागायला ओटीवर आलो, या बाईने उगीच मारलं, असं म्हणाला. चोराला कधी कोण पेज पाजतं का, असं वर त्यानेच विचारलं. आणि भिंत तर धडधाकट दिसत होती. हाड मोडलं म्हणून खटला उभा राहिला तो आत्यांवरच.

माझ्या वडिलांनी शहापूरहून वकील पाठवला. त्याने सांगितलं की चोरी करायला घर फोडणाऱ्याला अडवायची, गरज पडली तर मारायचीही कायद्याने मुभा आहे. पण हा घर फोडत होता हे दाखवायचं कशावरून? पाहिलेलं कुणीच नव्हतं. आत्यांना तुरुंग होऊ शकतो हे ऐकून सासरे जेवेनासे झाले. मला तर संतापच आला. सारवायची एवढी घाई कसली होती, असं मी आत्यांना तोंडावर बोलले. त्या नुसत्या सुपातले खडे वेचत राहिल्या.

मुरबाडच्या कचेरीत खटला ऐकणाऱ्या साहेबांनी त्या माणसाला विचारलं, मार बसला तेव्हा तू कुठे होतास? ओटीवर, तो म्हणाला. मग त्याला काही विचारायचं आहे का, असं साहेबांनी आमच्या वकिलाला म्हटलं. तो उठायच्या आत आत्याच बोलल्या.

"मूठ वळते का रे आता?"

त्याने हाताकडे बघितलं. बोटं अर्धीच मिटली. "नाय गो आये," तो म्हणाला. मग साहेबांकडे वळून, "कुडातून घातला व्हता हात, साहेब. कडी काढाया. घरात पोरांना दाना नव्हता."

बाईंना घर राखायचा हक्क होता आणि एका फटक्यावर त्या थांबल्या, असं सांगून साहेबांनी आत्यांना सोडलं. त्याला शिपाई तिथूनच घेऊन गेले.

बाहेर वकील खुशीत होता. सासरे सगळ्यांना हात जोडत होते आणि मी आनंदाने रडत होते. आत्यांचा चेहरा मात्र पार उतरलेला.

"त्यानं खरं सांगितलं म्हनून मी घरी चालले," त्या म्हणाल्या, "नि त्यो आत गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कांडलेले तांदूळ दोन फडक्यांत बांधले आणि सासऱ्यांना त्या माणसाच्या गावाची वाट विचारली. सासरे काही बोलायच्या आत मी एक गाठोडं डोक्यावर घेतलं.