पायांनी झूम करणारे आपा

आपा धुरी फोटो काढताना सतत चालत असत. कधी नवरानवरीच्या अगदी अंगावर जायचे, कधी मागच्या खुर्च्या पाडत लांब. मालवणातल्या निम्म्या लग्नांत हा प्रकार मी पाहिला आहे. त्यांच्या कॅमेऱ्याला कायम एकच लेन्स असायची, पंच्याऐंशी मिलिमीटरची प्राइम. जवळचं-लांबचं करायची सोय तिच्यात नाही. चेहरा मोठा हवा तर फोटोग्राफरने पुढे जायचं, चार माणसं जास्त मावायला हवीत तर मागे सरायचं. झूम लेन्सला हा त्रास नाही; जागेवर उभं राहून रिंग फिरवली की काम झालं. म्हणूनच झूमवाल्यांना आपा फोटोग्राफर मानत नसत. "देवान पाय दिल्यान ते कित्याक? रिंग फिरवूक?" असं ते कुणालाही विचारत.

माझं पुस्तकांचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागून. पहिली ओळख पासपोर्टच्या फोटोची. मी स्टुलावर बसलो. आपांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "तोंड ह्याच आणलंस?" मी हसलो. तेवढ्यात त्यांनी फोटो काढला, आणि वर सांगितलं, "हसान काय उपयोग नाय, पण प्रयत्न बरो." तो फोटो इतका चांगला आला की मला त्यांचा राग धरता येईना. त्यांच्याबाबतीत गावाची अडचणच ती होती.

तारकर्लीला एका जोडप्याचे फोटो काढताना आपा मागे सरता सरता कमरेभर समुद्रात गेले. नवऱ्या मुलाने ओरडून सावध केलं तर यांनी त्यालाच झापलं, "तू तिच्याकडे बघ! मी बुडलंय तर तुझी बायल विधवा होवची नाय!" किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारी माणसं दोर सोडून हसत होती. आपांना त्यात विनोद दिसला नाही. कलावंताला तो सहसा दिसत नाही; आणि आपण कलावंत आहोत याविषयी आपांना शंका नव्हती.

मग त्यांच्या एकुलत्या मुलीचं, नयनाचं लग्न ठरलं. एका दुपारी ती स्टुडिओत आली तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

"बाबानु, कन्यादानाक तुमी पाटार बसतल्यात मा?"

"आणि फोटो कोण काढतलो? तुझो सासरो?"

"कुडाळचो सुहास काढतंय म्हणता. तेणा आपणहून इचारल्यान."

"तो दुधी घेवन फिरता तो?" सुहासची झूम लेन्स पांढरी आणि लांबलचक होती. "तो कोपऱ्यात खुर्ची टाकतलो आणि रिंग फिरवतलो. माझ्या चेडवाचे फोटो कोणीतरी बसान काढूचे?"

"फोटो वायट इले तरी चलात. माका तुमी होये."

"मी आसतलंयच मा थंय. सगळ्यांपेक्षा जवळ आसतलंय."

हे मात्र खरं होतं.

कन्यादान जोडप्याने करायचं असतं. आपा बसणार नाहीत म्हटल्यावर त्यांच्या बायकोची, मालतीवहिनींचीही पाटावरची जागा गेली. मुंबईचे काका-काकू बसतील असं ठरलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "फोटो तुमका काढूचे आसत. माझो पाट कित्याक काढलात?" आपा म्हणाले, "तू एकटी बसलंस तर फ्रेम एका बाजूक कलंडता." हे त्यांनी प्रेमाने, समजावून सांगितल्यासारखं सांगितलं.

लग्नात काकांनी नयनाच्या हातावर पाणी सोडलं तेव्हा आपा जेमतेम दोन हात अंतर ठेवून गुडघ्यावर बसले होते. "पाणी हळू सोड रे, चमकाक होया. नयना, रडा नको गो आता, नाक लाल दिसता." भटजी मंत्र थांबवून त्यांच्याकडे पाहत होते. मालतीवहिनी खांबापाशी उभ्या होत्या. त्या एकाही फोटोत नाहीत.

पाठवणीच्या वेळी नयना आईच्या गळ्यात पडली, काकांच्या पाया पडली, आणि मग वडिलांकडे निघाली. पंच्याऐंशीच्या लेन्सचा एक दोष आहे. माणूस हाताच्या अंतरात आला की तिला तो स्पष्ट दिसत नाही, सगळं धूसर होतं. नयना दोन्ही हात पुढे करून आली. आपा मागे सरले. ती आणखी पुढे आली, ते आणखी मागे गेले. "थांब गो! हयच थांब! जवळ इलंस की लेन्स धरणा नाय!" तिला वाटलं असावं, आता कॅमेरा खाली ठेवतील. अशी ती दोघं मांडवाच्या टोकापर्यंत गेली. वऱ्हाडातलं कुणीतरी हसलं. पाहुणा म्हणून आलेला सुहास जमिनीकडे बघत होता.

शेवटी नयना थांबली. हात खाली घेतले आणि सरळ लेन्समध्ये पाहिलं. शटर वाजलं. ती वळली आणि गाडीत जाऊन बसली.

तो फोटो आपांनी मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. पर्यटक थांबून पाहत. मीही पाहिला आहे. इतका जिवंत चेहरा मी दुसऱ्या कुठल्या फोटोत पाहिलेला नाही. नयना त्यानंतर मालवणला आली नाही. मुलगा झाला तेव्हा तिने आईच्या फोनवर त्याचा फोटो पाठवला. आपांनी तो दोन बोटांनी मोठा केला आणि फोन परत दिला. "लांबसून झूम मारल्यानीत. पोराचो चेहरो फुटलोहा."

आपा गेले त्याच्या थोडे दिवस आधी आम्ही दोघं त्या काचेसमोर उभे होतो. त्यांना श्वास लागत होता, पण बोलणं तसंच होतं.

"खरा सांग," ते म्हणाले, "झूमान ह्या जमला असता?"

"नाय," मी म्हणालो. "झूम असती तर तुमी जाग्यार उभे रवान रिंग फिरवली असती. आणि नयना तुमच्यापर्यंत पोचली असती."

आपा दचकले. फोटोकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"तर काय!" ते म्हणाले. "फोटो गेलो असतो."